खालच्या डब्यातलं तेल

मंगरूला गावातल्या लोकांनी डोंगे बांधायच्या खुंटाला बांधलं होतं आणि वल्ह्यानं मारत होते. वल्ह्याच्या चपट्या बाजूनं नव्हे, कडेनं. आमचं घर घाटाच्या वरच्या अंगाला, तिथपर्यंत तो आवाज येत होता. आधी मंगरू ओरडत होता. मग त्याचं ओरडणं थांबलं, पण मारणं थांबलं नाही.

त्याची आई तुळसा आमच्या दारात येऊन पडली होती. तिच्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता. आमचे हे जेवत होते, ते ताटावरून तसेच उठले आणि हत्यारांची पिशवी घेतली. मी म्हटलं, जाऊ नका, आपण इथले नाही, लोक आज पिसाळले आहेत. ऐकतील तर शपथ. माझं ऐकायचं नाही हे त्यांनी लग्नातच ठरवलं असावं. मग मीही दाराला कडी घातली आणि मागोमाग गेले. एकट्याला कसं सोडणार?

ह्यांचं नाव मी घेत नाही, लोक टेकचंद मिस्त्री म्हणतात. आम्ही मूळचे साकोलीकडचे. कारध्याच्या खाली वैनगंगेच्या काठावरच्या ह्या ढीवरांच्या गावात हे धानाचे पंप दुरुस्त करायला आले आणि इथलेच झाले. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मासेमारांच्या सोसायटीला एक मोठी नाव मिळाली आणि तिच्या मागे टांगायचं इंजिन. वर पेट्रोलची मशीन, खाली पाण्यात बुडालेला डबा, डब्याला पंखा. डब्यात गिअर असतात आणि ते तेलात फिरतात. तो डबा जन्मभर पाण्यात राहतो, पण आत थेंबभर पाणी गेलेलं त्याला चालत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. ते इंजिन आमच्या ओसरीवर येऊन पडायचं आणि हे त्याच्याशी बोलावं तसं बोलत बसायचे, तेव्हा कानावर पडायचं.

नाव चालवायला डोमा होता. हसरा, दांडगा गडी, ह्यांचा जिवाचा दोस्त. आदल्या दिवशी पूर चढला. पलीकडच्या वस्तीवरची माणसं छपरावर जाऊन बसली, त्यांना डोमा खेपा करून आणत होता. दोर फेकायला गोमाजीचा मुलगा सुखराम सोबत. गोमाजी म्हणजे सोसायटीचा अध्यक्ष, गावात त्याच्यापुढे बोलायची सोय नाही. शेवटच्या खेपेला नाव रिकामी जात होती. भर धारेत इंजिन मोठ्यानं ओरडायला लागलं, पण नाव पुढे जाईना. पंखाच फिरत नव्हता. धारेनं नाव आडवी केली आणि उपटून आलेल्या मोहाच्या झाडावर नेऊन आपटली. काठावरून सगळ्या गावानं पाहिलं. डोमा वर आला, सुखरामला धरायला पुन्हा खाली गेला, आणि मग दोघंही वर आले नाहीत.

सकाळी त्यांना खालच्या बाभळीतून काढलं. डोमाचा एक हात काट्यात अडकून पार फाटला होता. दोघांना घाटावर पोत्याखाली निजवलं होतं आणि डोमाच्या उशाशी त्याची बायको धुरपता बसली होती. ती रडत नव्हती. मंगरूवर वल्हं पडत होतं तिकडे एकटक बघत होती, आणि मारणारा दम खायला थांबला की म्हणायची, "थांबला काहून? मार."

मंगरूचं म्हणाल तर तो काही साधू नव्हता. नाव चालवायला आपल्यालाच ठेवतील असं त्याला वाटलं होतं. ठेवलं नाही, तेव्हा दारूच्या अड्ड्यावर तो बोलून बसला होता की डोम्याला एक दिवस नदी खाईल. त्यात पुराच्या आधी कुणीतरी त्याला पेचकस घेऊन इंजिनाजवळ वाकलेलं पाहिलं होतं. टाकीचं झाकण उचकटून पेट्रोल चोरत होतो, असं तो रक्त थुंकत सांगत होता. पण कोण ऐकणार? ह्यानंच खालच्या डब्याचा स्क्रू ढिला केला, पाणी आत सोडलं आणि दोन माणसं मारली, असं गोमाजीनं ठरवून टाकलं होतं. गोमाजीच्या डोळ्यांत त्या दिवशी माणूस उरला नव्हता. एकुलता एक मुलगा पोत्याखाली पडलेला, कुठून उरणार?

हे सरळ गर्दीत घुसले आणि खुंटापुढे उभे राहिले. पडत्या वल्ह्याचा एक तडाखा खांद्यावर बसला, तरी हलले नाहीत.

"पयले तेल पाहू द्या," हे म्हणाले. "मंग माराचं तं मारा. स्क्रू ढिला असन तं मी आडवा येत नाही."

गोमाजी म्हणाला, "ढिला निघाला तं याले जित्ता नदीत सोडीन. अन् तूच सोडशीन, मिस्त्री."

हे हो म्हणाले. असं कबूल करायचं असतं का?

फुटकी नाव काठाला ओढून ठेवली होती आणि इंजिन अजून तिच्या मागेच होतं. चौघांनी ते उतरवून खुंटाजवळ उभं केलं. मंगरूची मान छातीवर लोंबत होती, एक डोळा पूर्ण मिटला होता. मी तुळसाच्या घरून जर्मनचं पातेलं आणलं आणि डब्याखाली धरून बसले. त्यामुळे जे झालं ते मी हातभर अंतरावरून पाहिलं.

हे म्हणाले, गोमाजी, तूच फिरव. त्याच्या हातात पेचकस दिला. डब्याला दोन स्क्रू असतात, एक खाली, एक वर. गोमाजीनं खालच्या स्क्रूला पेचकस लावला आणि जोर केला. फिरेना. दात आवळून पुन्हा जोर केला, तेव्हा करकर करत सुटला. वरचा तर ह्यांनी पान्यानं धरला तेव्हा निघाला. दोन्हीचे वायसर जागच्या जागी, धड. ह्यांनी ते सगळ्यांना दाखवले. ढिल्या स्क्रूचा प्रश्न तिथंच मिटला, पण गोमाजीनं मंगरूला सोडायला सांगितलं नाही.

पातेल्यात पहिल्यांदा नुसतं पाणी पडलं, स्वच्छ. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. मग तेल आलं. ते तेल राहिलंच नव्हतं. पांढरं, दाट, दुधाच्या चहासारखं. हे बोट बुडवून चोळत बसले, आणि मग बोट उन्हात धरलं तर त्यावर लोखंडाचा चुरा चमकत होता. हे सांगायला लागले की रात्रभर इंजिन पाण्यात पडलं म्हणून तेल असं होत नाही. गिअर फिरताना पाण्यासकट घुसळलं जातं तेव्हा ते पांढरं होतं. म्हणजे पाणी आधीपासून आत होतं. गिअरचे दात कोरडे पडून झिजले आणि पुराच्या जोराला तुटले.

"मंग पाणी गेलं कोठून?" गोमाजीनं विचारलं.

ह्यांनी सायकलचा पंप काढला, खालचा स्क्रू पुन्हा लावला, वरच्या भोकात रबरी नळी घट्ट बसवली आणि मला डब्यावर साबणाचं पाणी ओतायला सांगितलं. हवा भरली की जिथून गळतं तिथं फेस येतो. पंपाचा दट्ट्या खाली-वर होत होता, आणि मंगरूचं कण्हणं तेवढं ऐकू येत होतं. वरच्या जोडावर काही नाही. स्क्रूपाशी काही नाही. मग पंख्याच्या मागून, डब्याच्या आणि पंख्याच्या मधल्या बोटभर फटीतून बुडबुडे यायला लागले.

तिथं रबराचं सील असतं. ते ह्यांनी आखाडीच्या, म्हणजे आषाढी पुनवेच्या, आधीच नवं बसवलं होतं. मला पक्कं ठाऊक, कारण ते आणायला हे खास नागपूरला गेले होते आणि पावसात भिजून तापानं पडले होते. काढा मीच केला होता.

ह्यांनी पिन काढली, नट काढला आणि पंखा ओढून बाहेर घेतला. त्यांची पाठ लोकांकडे होती. फक्त मी समोर होते. पंख्याच्या आसाभोवती धागा गुंडाळलेला होता. जाळ्याचा नायलॉनचा धागा, फिरून फिरून सुरीसारखा सीलमध्ये रुतलेला. वरून तेलानं काळा झालेला. ह्यांनी नखानं गाठ उकलली तर आतून पिवळाधमक. हळदीचा.

आमच्या घाटावर अशी रीत आहे. आखाडीला घरची बाई जाळ्याचा धागा हळदीत भिजवून नावेला बांधते, म्हणजे पुरात नदी माणूस राखते. बांधायचा तो कुठेही नाही. ज्याच्या जोरावर डोंगा चालतो त्याला, म्हणजे वल्ह्याला. इंजिन आल्यावर वल्हं राहिलं नाही, म्हणून धुरपतानं तो पंख्याच्या पात्याला बांधला होता, सगळ्यांसमोर. डोमानं इंजिन चालू केलं आणि धागा उडून नदीत गेला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. डोमा हसला, पण धुरपताचं तोंड उतरलं होतं. नंतर कधीतरी ती एकटीच गेली असणार, आणि ह्या खेपेला निघू नये म्हणून पंख्यामागच्या फटीत बोटं घालून, वेढे देऊन, घट्ट गाठ मारून आली असणार. आपल्या माणसासाठी.

हे मला तिथं एका क्षणात कळलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. गालात तंबाखू होती, तिच्यासोबत त्यांनी तो धागा तोंडात सारला. सरळ. मग फाटलेलं सील काढलं, मुठीत चुरगळलं आणि वळले.

"सील जुनं होतं," हे म्हणाले. "बदलवाले पायजे होतं. मीनं बदलवलं नाही."

मी ओरडणार तोच गोमाजीच्या हातातलं वल्हं आडवं फिरलं आणि ह्यांच्या तोंडावर बसलं. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. हे गुडघ्यावर पडले, पण तोंड उघडलं नाही. मग सगळेच धावले. बरगड्यांत लाथा, पाठीवर वल्ही, कुणीतरी ह्यांचाच पाना उचलून हातावर घातला. आणि धुरपता उठली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून किंकाळी निघाली. ती ह्यांच्या छातीवर बसली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर, कपाळावर मारत सुटली. तिच्या हातातल्या बांगड्या अजून कुणी उतरवल्या नव्हत्या, त्या ह्यांच्या कपाळावर फुटल्या. काचा रुतून रक्ताच्या धारा लागल्या तरी ती थांबेना. मी तिचे केस धरून ओढले, गोमाजीच्या मनगटाला चावले, पातेल्यातलं ते पांढरं तेल मारणाऱ्यांच्या डोळ्यांत फेकलं. मला कुणी ढकललं ते आठवत नाही. डोकं दगडावर आपटलं आणि उठले तेव्हा लोक पांगले होते. त्यांना प्रेतं न्यायची होती.

खुंटाला नुसता दोर होता. तुळसानं त्या गोंधळात लेकाला सोडवून नेलं होतं. मंगरू पुढे तुमसरला धानाच्या गिरणीत लागला, एका डोळ्यानं आंधळा. परत कधी आला नाही.

घरी आल्यावर ह्यांनी ओसरीवर बसून तोंड उघडलं. रक्त, तंबाखू, दोन दात आणि तो धागा. मी काही बोलायच्या आधी हे म्हणाले, धुऊन ठेव. माझा संताप संताप झाला. मी म्हटलं, सांगून टाकायचं होतं. निदान वाळूनं सील खाल्लं म्हणायचं होतं. आपल्या अंगावर काहून घेतलं?

"त्याइले माणूस पायजे होता," हे कसेबसे म्हणाले. ओठ फाटले होते. "वाळू म्हटलं असतं तं मंगरूच मेला असता. धागा दाखवला असता तं हिनंच करणी केली म्हणून गोमाजीनं तिले तेथीच चिरली असती. अन् तो सोडता तरी थे जगली असती का, वो?"

"अन् आपलं काय?" मी विचारलं. हे भिंतीला टेकून बसले. मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला की दुसऱ्या कुणी मारलं नसतं तर मीच मारलं असतं.

त्यानंतर गावात आमच्या हातचं पाणी कुणी प्यालं नाही. पंप बिघडला तर लोक भंडाऱ्याहून मिस्त्री आणायचे. ह्यांचा उजवा हात नीट जुळला नाही, तशा हातानं हे सायकल मारत साकोलीकडे कामाला जायचे. दारावर दगड पडायचे. आणि धुरपता. नदीवर जाता-येता ती आमच्या दारासमोर थांबायची, थुंकायची आणि पुढे जायची. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, सणावाराला. तिचा मुलगा गुलाब कडेवर होता तेव्हाही, बोट धरून चालायला लागला तेव्हाही, आणि मग त्यालाही तिनं थुंकायला शिकवलं.

धागा मी कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला होता. कितीदा मुठीत घेतला. एकदा ती थुंकली आणि तिच्या मागे मी तिच्या अंगणापर्यंत गेले, आज तोंडावर फेकतेच म्हणून. ती चुलीपुढे बसली होती, गुलाबला भरवत, आणि त्याला सांगत होती की तुझा बाप सगळ्यांना काढून आणत होता, नदीची काही हिंमत नव्हती त्याला हात लावायची. मी कुंपणाशी उभी राहिले आणि परत आले. ह्यांना सांगितलं नाही.

बरीच वर्षं गेली, गोमाजी मेला. सोसायटीला पुन्हा इंजिन मिळालं, ह्या वेळी अधिक मोठं, आणि ते चालवायला गुलाबला ठेवलं. बापासारखाच दांडगा, बापासारखाच हसरा. आखाडीला घाटावर गाव जमलं. मुलाचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून धागा आईनंच बांधायचा होता. आम्ही लांब, वरच्या अंगाला उभे होतो. हे तिथं कशाला आले होते ते मला समजत होतं. आदल्या रात्रीपासून त्यांना घास गेला नव्हता.

नारळ फुटला. नाव पाण्यात उभी होती आणि इंजिन वर उचललेलं. धुरपता कमरेइतक्या पाण्यात उतरली. बाकीच्या बायका म्हणत होत्या, पात्याला बांध, पात्याला. तिनं नाही म्हणून मान हलवली. ती वाकली. पदराच्या गाठीतून धागा अजून काढलाही नव्हता, तोच हे घाट उतरून धावत पाण्यात शिरले. मोडक्या हातानं इंजिन कवटाळलं आणि दुसरा पंजा पंख्यामागच्या त्या फटीवर गच्च दाबून धरला.

"तेथी नोको, बाई. वरच्या दांडीले बांध."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग गुलाब नावेतून उतरला, त्यानं ह्यांची मानगूट धरली आणि तोंड पाण्यात दाबलं. माझ्या बापाला खाऊन पोट भरलं नाही का, असं तो ओरडत होता. लोक मारा, मारा म्हणायला लागले. हे पाण्याखाली धडपडत होते, पण फटीवरचा पंजा काढत नव्हते. मी धावले, पाय घसरून पडले, पुन्हा उठले.

धुरपता त्या पंजाकडे बघत होती. ती कुठे बांधणार होती हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या वेळीही कुणाला सांगितलं नव्हतं. तिचं तोंड मी पाहिलं आणि माझ्या करंड्याखालच्या धाग्याचं काम संपल्याचं मला कळलं.

"सोड त्याले," ती म्हणाली. गुलाब ऐकेना. तिनं पोटच्या पोराच्या थोबाडीत मारली. "सोड म्हटलं ना."

हे वर आले. खोकत होते, नाकातोंडातून पाणी गळत होतं. तुटलेल्या दातांच्या जागी काळी फट. ती त्यांच्या अगदी जवळ गेली आणि इतक्या हळू बोलली की बाजूला उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

"भाऊ, तवाही तेथीच होता का?"

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"सील जुनं होतं, बाई," हे म्हणाले.

तिनं धागा काढला आणि इंजिन वळवायला गुलाबच्या हातात असते त्या दांडीला बांधला. गाठ बसेना, तेव्हा ह्यांनी एक टोक धरलं. इंजिन चालू झालं, नाव धारेला लागली आणि घाटावर सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. हे ओले कपडे पिळत वर चढून गेले. धुरपता पाण्यातच राहिली. काठाशी बसून ती मूठमूठ वाळू घेत होती आणि हळदीनं पिवळी झालेली बोटं घासत होती. लोक घरी गेले तरी घासत होती. मग मी पाण्यात उतरले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.